माळ्यावरच्या तबकड्या खाली आणल्यावर: जुने शास्त्रीय ध्वनिमुद्रण तपासणे, धुणे, उतरवणे आणि जपणे

बेळगाव, शहापूर, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या घरांत माळ्यावर तबकड्यांची एखादी पेटी अजून पडून आहे. घरातल्या कुणाला गाण्याची आवड लागते, पेटी खाली येते आणि बहुतेक नुकसान त्या पहिल्याच दुपारी होते. कुणी ओल्या फडक्याने पुसून घेतो, कुणी मेडिकलमधून स्पिरिट आणतो, मिळेल त्या यंत्रावर तबकडी चढते आणि समोर मोबाइल धरून 'रेकॉर्डिंग' होते. यात हेळसांड कुणाचीच नसते, फक्त कामाचा क्रम चुकतो. आधी नोंद, मग धुणे, मग योग्य सुई आणि त्यानंतरच वाजवणे, हा क्रम पाळला तर शंभरातल्या नव्वद चुका आपोआप टळतात. खाली तोच क्रम सविस्तर दिला आहे.

टप्पा १: सुरू करण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट हंगामाची. जून ते सप्टेंबरमध्ये हे काम काढू नका. खानापूरच्या बाजूला तर त्या दिवसांत भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात. धुतलेली तबकडी वाळत नाही, कागदी पाकीट ओल धरते आणि आठवड्याभरात बुरशी परत येते. दिवाळीनंतरची कोरडी थंडी या कामाला सगळ्यात चांगली. शिमग्यानंतर उन्हे तापली की तबकड्या इकडून तिकडे नेण्याचे कामही थांबवा.

दुसरी गोष्ट, संग्रहाची हद्द. मिळेल ते गोळा करत सुटलात तर पाच वर्षांत घरात जागा उरत नाही आणि नेमके काय जमवले तेही सांगता येत नाही. आपल्या भागात राहणाऱ्याला हद्द आखणे सोपे आहे. किराणा घराण्याची एकच शाखा धरायची असेल तर सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य घ्या: गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर. जयपूर गायकी ओढत असेल तर मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांपासून सुरुवात करा. नाट्यसंगीत हवे असेल तर बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर. एखाद्याला बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचेच सगळे जमवायचे असेल, तर तेवढाच संग्रह आयुष्यभर पुरतो. हद्द पुढे वाढवता येते, पण सुरुवातीला ती असावी.

तिसरी गोष्ट, साहित्य. एकदम सगळे आणायची गरज नाही, पण तबकडीला हात लावण्यापूर्वी एवढे घरात हवे:

- दोनशे पानी वही आणि पेन्सिल
- चांगला टॉर्च
- मऊ केसांचा रुंद ब्रश, शिवाय रेकॉर्डसाठी मिळणारा कार्बन फायबरचा ब्रश
- डिस्टिल्ड वॉटर, किमान पाच लिटर
- रंग आणि वास नसलेला सौम्य द्रव साबण
- धुऊन मऊ झालेली मायक्रोफायबरची चार-पाच फडकी
- नवी आतली पाकिटे, कागदाची किंवा पातळ पॉलिथीनची

इशारा: डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये 'बॅटरीचे पाणी' म्हणून मागताना बाटलीवरचा मजकूर वाचून घ्या. शुद्ध पाणी आणि बॅटरीचे ॲसिड एकाच फळीवर ठेवलेले असते. बोअरचे पाणी तर अजिबात वापरू नका. त्यातला क्षार वाळल्यावर चरांत, म्हणजे सुई फिरते त्या बारीक खाचांत, बसतो आणि नंतर कायमची खरखर ऐकू येते.

टप्पा २: हातात काय आहे ते ओळखा

पुढचे सगळे या ओळखीवर ठरते, म्हणून घाई नको.

जड, जाड, कडक आणि टिचकी मारल्यावर थाळीसारखा आवाज देणारी तबकडी बहुधा मिनिटाला ७८ फेऱ्यांची. तिचा मुख्य घटक लाख आणि भुकटी. हातातून सुटली की फुटते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे गाणे असते, बारा इंचीला चार-साडेचार. हलकी, थोडी लवचीक, बारा इंची तबकडी म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची एलपी. ती विनाइलची असते आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे चालते. सात इंची लहान तबकडी बहुतेक वेळा ४५ फेऱ्यांची ईपी असते.

हवा त्या नावाची तबकडी सापडली म्हणून हुरळून जाऊ नका, आधी ती कोणत्या जातीची ते पाहा. स्पिरिट लाखेला विरघळवते. विनाइलला त्याने फारसे होत नाही. हा एकच फरक ठाऊक नसल्यामुळे चांगल्या तबकड्यांचे काळे पाणी होऊन मोरीतून वाहून गेले आहे.

तपासणी: लेबलवर फेऱ्यांचा आकडा नसेल तर चर पाहा. टॉर्चच्या तिरप्या उजेडात सुटे सुटे दिसणारे रुंद चर ७८ चे असतात. एलपीचे चर इतके बारीक असतात की सगळा पृष्ठभाग एकसंध रेशमासारखा दिसतो.

टप्पा ३: नोंद, पाण्याच्या आधी

पेटी ज्या क्रमाने भरलेली आहे तो क्रम मोडू नका. वरून एकेक तबकडी काढायची, पेन्सिलीने पाकिटाच्या कोपऱ्यावर अनुक्रमांक टाकायचा आणि तोच क्रमांक वहीत लिहायचा. तबकडीच्या लेबलवर काहीही लिहायचे नाही, चिकटवायचेही नाही.

प्रत्येक बाजूसाठी वहीत या गोष्टी हव्यात: कंपनीचे नाव, लेबलचा रंग, कॅटलॉग क्रमांक, गायक किंवा वादक, राग, ताल, चीजेचे (बंदिशीचे) पहिले शब्द आणि साथीदार दिले असतील तर त्यांची नावे. याशिवाय शेवटचा चर आणि लेबल यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत कोरलेला किंवा ठसा उठवलेला एक क्रमांक असतो, तो मॅट्रिक्स क्रमांक. टॉर्च आडवा धरल्याशिवाय तो दिसत नाही आणि म्हणूनच बहुतेक जण तो सोडून देतात. सोडू नका. कॅटलॉग क्रमांक विक्रीसाठी असतो आणि पुनर्प्रकाशनात बदलू शकतो. मॅट्रिक्स क्रमांक त्या मूळ ध्वनिमुद्रणाचा माग देतो. एकच गाणे दोन वेगळ्या तबकड्यांवर आहे की ती दोन वेगळी गायने आहेत, याचा उलगडा बऱ्याचदा याच क्रमांकावरून होतो.

नावांच्या बाबतीत एक नियम कडक पाळा: लेबलवर जसे आहे तसेच लिहा, मग ते कितीही चुकीचे वाटो. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या. लेबलवर 'गांधारी' पाहून कुणी वहीत परस्पर 'गंगूबाई' लिहिले तर ती तबकडी पुढच्या संग्राहकाला ओळखताच येणार नाही. यासाठी दोन रकाने करा, एक 'लेबलवर' आणि एक 'आपले मत'. सवाई गंधर्व आणि रामभाऊ कुंदगोळकर, बालगंधर्व आणि नारायणराव राजहंस ही एकाच माणसाची नावे असल्याचे दुसऱ्या रकान्यात यावे. रागाचेही तसेच. लेबलवरचा राग आणि कानाला पटणारा राग वेगळा निघाला तर दोन्ही लिहा. आपला भाग दोन-तीन भाषांचा आहे. लेबल कानडीत किंवा इंग्रजीत असेल तर त्याचे छायाचित्र काढा आणि वाचता येणाऱ्याकडून खात्री करून घ्या. अंदाजाने लिप्यंतर करू नका.

तबकडी कुणाच्या घरची, कुणी दिली, केव्हा, हेही लिहा. वीस वर्षांनी ही ओळ सगळ्यात मोलाची ठरते, कारण लेबल दुसरीकडे कुठेतरी मिळू शकते, पण हा मजकूर कुठेच मिळत नाही.

आता अवस्था तपासा. नखाला लागणारा ओरखडा वाजताना टकटक करणारच. नुसता डोळ्यांना दिसतो पण नखाला लागत नाही, तो बहुधा निभावतो. ७८ ची तबकडी मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि कडेला हलकेच टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ती अखंड, भद्द आवाज आला तर केसाएवढी तरी चीर आहे. चरांवर राखाडी झाक असेल तर पोलादी पिनांनी ते खाऊन टाकले आहेत, आणि कितीही धुतले तरी तो आवाज परत येणार नाही. विकत घेताना ही राखाडी झाक दिसली तर पैसे जपून बोला.

तपासणी: पाकीट आणि आतली तबकडी एकच आहे का? जुन्या घरांतल्या एलपींची पाकिटे हमखास अदलाबदल झालेली असतात.

टप्पा ४: धुणे

धूळ असताना तबकडी वाजवणे म्हणजे सुईखाली वाळू दळणे. म्हणून 'आधी ऐकून बघू, मग धुऊ' हा मोह टाळा.

*७८ ची तबकडी*

१. कोरड्या मऊ ब्रशने चरांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, धूळ काढा. मध्यातून कडेकडे ओढू नका.
२. पाव लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एकच थेंब टाका. फेस येईल इतका नको.
३. फडके भिजवून घट्ट पिळा. लेबल कोरडे ठेवून चरांवरून गोल फिरवा.
४. दुसऱ्या फडक्याने नुसते डिस्टिल्ड वॉटर फिरवा आणि लगेच तिसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. एका बाजूला मिनिटाभरापेक्षा जास्त वेळ ओल राहू नये.
५. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात उभी ठेवा. फडके अंथरलेले स्वयंपाकघरातले ताटाळे यासाठी उत्तम.

इशारा: स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर, कोलन, काच पुसायचा फवारा, यांतले काहीही ७८ ला लावू नका. चकाकी यावी म्हणून खोबरेल किंवा मशीनचे तेल चोळायची सवय काही घरांत होती. तेलाने धूळ चिकटते आणि चर लिंपतात. आधीच तेलकट असलेली तबकडी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा पुसावी लागते, तेही मधे पूर्ण वाळवून.

इशारा: कडेला टवका उडालेला किंवा चीर गेलेली तबकडी पाण्यात घालू नका. कोलंबियाच्या काही ७८ तबकड्या थरांच्या असत आणि आत कागद असे. पाणी आत शिरले की कागद फुगतो आणि थर सुटतात. अशा तबकड्यांना कोरडा ब्रश पुरे. चिरेत फेविक्विक भरू नका, ते चरांत पसरते.

*एलपी आणि ईपी*

इथे थोडी मोकळीक आहे. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, शंभर मिली आयसोप्रोपिल आणि साबणाचे दोन-तीन थेंब असे मिश्रण चालते. ते लेबलवर जाऊ देऊ नका. ब्रशने चरांच्या दिशेने फिरवा, दोन मिनिटे मुरू द्या आणि मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन काढा. हे शेवटचे धुणे लोक गाळतात. साबणाचा पातळ थर चरात राहतो, तो सुईवर गोळा होतो आणि वीस मिनिटांनी आवाज फाटायला लागतो. मग दोष यंत्राला दिला जातो.

बुरशी असेल तर काम गच्चीवर किंवा अंगणात करा, तोंडाला मास्क बांधा आणि ती फडकी पुन्हा वापरू नका. जुने पाकीटही जवळ ठेवू नका. त्यावर काही मजकूर असेल तर छायाचित्र काढा, पाकीट वेगळ्या पिशवीत ठेवा.

तपासणी: वाळलेली तबकडी टॉर्चखाली तिरपी धरा. पांढुरके डाग दिसले तर पाणी खराब होते किंवा साबण राहिला आहे. पुन्हा धुवा. वाजवू नका.

टप्पा ५: यंत्र आणि सुई

चावीचा ग्रामोफोन दिवाणखान्यात शोभतो आणि तो चालू अवस्थेत असेल तर आनंदच आहे, पण त्यावर एलपी कधीही लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सच्या, म्हणजे पिन बसवलेल्या जड डोक्याच्या, वजनाने आणि पोलादी पिनेने एलपी एकाच फेरीत बाद होते. ७८ लावायची असेल तर प्रत्येक बाजूला नवी पिन घाला. वापरलेली पिन पुन्हा वापरू नका. आणि संग्रहातली दुर्मीळ तबकडी त्यावर लावूच नका, त्यासाठी एखादी दोन प्रती असलेली ठेवा.

विजेच्या टर्नटेबलवर सुईची जाडी हा सगळा खेळ आहे. एलपीसाठीच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉनचे असते, ७८ साठीचे सुमारे ७५ मायक्रॉनचे. एलपीची सुई ७८ च्या रुंद चरात लावली तर ती तळाशी घासत जाते. कचऱ्याचाच आवाज येतो, गाणे मागे पडते. ७८ ची सुई एलपीवर लावली तर चरच फाटतात. काही जुन्या भारतीय यंत्रांत उलटी-सुलटी फिरणारी जोडसुई असते, तिच्या एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी अशी खूण असते. ती खूण दर वेळी पाहा.

जुने यंत्र मिळाले तर त्याची सुई किती वर्षे चालली असेल ते कुणाला माहीत नसते. सुई नवी घ्या, बाकी यंत्र जुने चालेल. सुटकेससारखी दिसणारी स्वस्त नवी यंत्रे मी तरी कुणाला सुचवणार नाही. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचा भार जास्त असतो आणि तो कमी करायची सोयही नसते. एलपीच्या साध्या चुंबकीय कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दीड-दोन ग्रॅम भार पुरतो, ७८ ला तीन ते पाच. भार मोजायचा छोटा काटा मिळतो, तो घ्याच. यंत्र ठेवायचे टेबल हलणारे नसावे आणि वर गवंड्याची पाणसळ ठेवून पातळी पाहावी.

तपासणी: चालू केल्यावर सतत 'गूं' आवाज येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर ॲम्प्लिफायरला जोडली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तीच सुटलेली असते.

टप्पा ६: वेग आणि पट्टी

हा टप्पा शास्त्रीय संगीताच्या संग्राहकाने सोडला तर बाकीच्या मेहनतीला अर्थ राहत नाही. ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी तबकडी फिरली तर स्वर सुमारे पाव टोन, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी वर चढतो. काळी एक पट्टीचा गायक काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लटकतो, तान उगाच धारदार वाटते, तबल्याची थाप पोकळ होते. लोक मग म्हणतात, 'तेव्हाचे गायक फार उंच गायचे.' काही गायचे, हे खरे. पण आधी यंत्राचा वेग तपासा.

वेग मोजायला पट्ट्यांची कागदी चकती मिळते किंवा छापून घेता येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चकतीही ५० हर्ट्झची हवी: ७८ साठी ७७ पट्ट्या, ३३⅓ साठी १८० पट्ट्या. परदेशी ६० हर्ट्झची चकती वापरून वेग 'बरोबर' करणारे पुष्कळ आहेत. चकती टर्नटेबलवर ठेवा, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहा. पट्ट्या जागच्या जागी स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. नव्या एलईडी दिव्याखाली हे बऱ्याचदा दिसतच नाही, कारण त्यांतले अनेक दिवे तसे लुकलुकत नाहीत.

त्यानंतर कान. वाजवायची पेटी (हार्मोनियम) घ्या आणि तबकडीच्या सुरुवातीचा षड्ज (सा) शोधा. मात्र एक लक्षात ठेवा: सुरुवातीच्या काळात सगळ्याच '७८' तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत, थोडे मागेपुढे आहे. शिवाय तंबोरा पेटीच्या पट्टीवरच लावला पाहिजे असे बंधन नाही. म्हणून षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे आला म्हणजे वेग चुकलाच, असे ठरवू नका. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या आणखी दोन-तीन तबकड्या लावा. सगळ्या एकाच बाजूला सारख्या सरकलेल्या असतील तर आपले यंत्र तपासा. एकच सरकलेली असेल तर ती तशी मुद्रित झाली असण्याची शक्यता जास्त.

मूळ प्रत नेहमी नेमक्या ७८ वर उतरवा. पट्टी दुरुस्त करायची तर नंतर, वेगळ्या फाइलमध्ये, आणि किती टक्के बदलले ते वहीत लिहून.

टप्पा ७: संगणकावर उतरवणे

धुतलेल्या तबकडीची पहिली वाजवणीच उतरवून घ्या. प्रत्येक फेरीत चर थोडा तरी झिजतो, मग ती फेरी वाया का घालवायची?

जोडणी अशी: टर्नटेबल, तिथून फोनो प्रीॲम्प, तिथून यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि मग संगणक. फोनो प्रीॲम्प लोक विसरतात. चुंबकीय कार्ट्रिजमधून येणारा आवाज फार बारीक असतो आणि त्यात खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो प्रीॲम्प परत उचलतो. तो नसेल तर आवाज कुरकुरीत आणि पातळ येतो, डग्गा जवळजवळ गायब होतो. याउलट आवाज घुमून फाटत असेल तर प्रीॲम्प दोनदा लागला आहे: एक टर्नटेबलमध्ये आधीच असतो आणि दुसरा आपण बाहेरून जोडतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर खुपसू नका, ते एकेरी आणि फार संवेदनशील असते.

ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. २४ बिट ठेवा, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. पातळी अशी लावा की गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. ती ठरवायला सम जोरात येते ती किंवा सतारीसारख्या वाद्यात शेवटी येणाऱ्या 'झाला'चा वेगवान भाग पाहा, सुरुवातीच्या आलापीवरून ठरवाल तर द्रुत लयीत आवाज फुटेल. सुई टेकण्याच्या आधीपासून रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेवटच्या रिकाम्या चरापर्यंत चालू ठेवा. जुन्या तबकड्यांत काही कलाकार शेवटी आपले नाव पुकारत. गाणे संपले म्हणून बटण दाबणाऱ्यांच्या हातून नेमके तेच निसटते.

९६ किलोहर्ट्झवर एका मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, म्हणजे पाऊण तासाच्या एलपीला दीड जीबी. फ्लॅक या फाइलप्रकारात साठवले तर ते बरेच कमी होते आणि आवाजात काहीही जात नाही. एमपी३ फक्त मोबाइलवर ऐकण्यासाठी करा. एमपी३ करून मूळ पुसून टाकणे ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे.

७८ स्टीरिओ कार्ट्रिजने वाजवली तर दोन्ही वाहिन्या स्टीरिओतच उतरवा. नंतर ऐकण्याच्या प्रतीत त्या एकत्र करून मोनो करा. बरीच खरखर तेवढ्यानेच उतरते, कारण गाणे दोन्हीकडे सारखे असते आणि खरखर तशी नसते.

इशारा: वीज मधेच गेली तर सुई आधी उचला, बाकीचे नंतर. आणि ज्या दिवशी विजेचा भरवसा नाही त्या दिवशी दुर्मीळ तबकडी लावू नका.

टप्पा ८: आवाजाची साफसफाई, तंबोरा जपून

इथे मला मनापासून विनंती करायची आहे. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअरे सतत, एकसारखा चालणारा आवाज हा 'गोंगाट' धरतात. आपल्या संगीतात तसा सतत चालणारा एक आवाज आहे, आणि त्यावर सगळे उभे आहे. 'नॉइज रिडक्शन' जोरात लावले की पहिला बळी तंबोऱ्याचा जातो. गाणे वरवर स्वच्छ होते, पण गायक आधाराशिवाय हवेत तरंगायला लागतो आणि मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, शेवटी पाण्याखालून आल्यासारखी झिलई येते. मन्सूरांसारख्या गायकाचा स्वर त्याच्या कडांसकट ऐकायचा असतो. त्या कडाच या प्रक्रियेत जातात.

म्हणून क्रम असा. आधी फक्त टकटक काढा. ओरखड्याचे मोठे ठोके हाताने एकेक निवडून काढलेले उत्तम. कंटाळवाणे आहे, पण तीन मिनिटांच्या तबकडीला ते शक्य आहे. मग खर्जातली घरघर, ३०-४० हर्ट्झच्या खालची, कापून टाका. त्यानंतरही गरज वाटली तरच नॉइज रिडक्शन, अगदी हलके. त्यासाठी नमुना घ्यायचा तो सुई टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतच्या नुसत्या खरखरीचा. तंबोरा सुरू झाल्यानंतरचा नमुना कधीही घेऊ नका.

तपासणी: साफ केलेल्या फाइलमधून मूळ फाइल वजा करून, म्हणजे एक उलटी करून दोन्ही एकत्र वाजवून पाहा. उरलेल्या आवाजात नुसती खरखर ऐकू आली तर ठीक. त्यात गाणे किंवा तंबोरा ओळखू येत असेल तर तुम्ही संगीत काढून टाकले आहे. परत फिरा.

टप्पा ९: फाइलींची नावे आणि प्रती

नाव वहीतल्या क्रमांकापासून सुरू करा: क्रमांक, बाजू, गायक, राग. नावाचे एकच रूप ठरवून घ्या, नाहीतर 'मन्सूर', 'मनसूर' आणि 'मंसूर' असे तीन वेगळे गायक तयार होतात. लेबलचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मित्राकडे, कुठेही. वर्षातून एकदा हार्ड डिस्क लावून चार-पाच फाइली खरोखर वाजवून पाहा.

टप्पा १०: कॅसेट असतील तर

धारवाड आणि सांगली आकाशवाणीवरून घरी टेप करून ठेवलेली गाणी आपल्या भागात बरीच सापडतात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसण्याची शक्यता असते. म्हणून पेटीत दोन्ही असेल तर घरगुती कॅसेट आधी घ्या, बाजारी तबकड्या नंतर.

पहिले काम: कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या जिभा मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. आत टेपमागे फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का पाहा. तो निखळला असेल तर आवाज दबका येतो. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. डेकचे हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल घेऊन पुसा. आवाज घोगरा असेल तर हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझण) सगळ्यात मोकळी ऐकू येईल तिथे थांबा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

टप्पा ११: ठेवणे आणि पावसाळा

तबकड्या उभ्या ठेवा, अगदी सरळ. कलल्या तर एलपी वाकते, आडव्या थप्पीत खालच्या ७८ ला चिरा जातात. दहा इंची आणि बारा इंची वेगळ्या. कौलांच्या किंवा पत्र्याच्या खालचा माळा उन्हाळ्यात तापतो, तिथे पुन्हा ठेवू नका. लोखंडी ट्रंकही नको. खालच्या मजल्यावरचे, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले लाकडी कपाट बरे. एलपीची जुनी मऊ प्लास्टिकची पाकिटे काढून टाका, त्यांचा तेलकट अंश तबकडीवर चढून धुरकट थर बसतो आणि तो निघत नाही.

मे संपत आला की कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला किंवा तापवून कोरडे करा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, उघडीप असेल त्या दुपारी, कपाट तासभर उघडे ठेवा आणि मधल्या एक-दोन तबकड्या काढून वास घ्या. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते.

प्रवासात, म्हणजे कोल्हापूर-हुबळीहून काही घेऊन येताना, ७८ तबकड्या कडेवर उभ्या, मधे जाड वर्तमानपत्र घालून खोक्यात घट्ट बसवा. एसटीच्या टपावर किंवा डिकीत नको. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत एलपी अर्ध्या तासात लाट घेते.

टप्पा १२: दुसऱ्याला देताना

स्वतःच्या ऐकण्या-अभ्यासासाठी प्रत करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जागा आहे. यूट्यूबवर चढवणे ही वेगळी गोष्ट. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षे चालतो, म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. नाट्यपदांत शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असू शकतात, ते वेगळे तपासा. खासगी मैफलीच्या टेपच्या बाबतीत तर गायकाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही जाहीर करू नका. विचारायला जाल तेव्हा त्यांच्यासाठी एक प्रत बरोबर न्या, आणि ती एमपी३ नको, फ्लॅकच द्या. मूळ तबकडी कुणी ऐकायला मागितली तर आधी त्याच्या यंत्राची सुई कोणती आहे ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत फाइल द्या, तबकडी कपाटात ठेवा.